इंजिन एका घरचं, डबे दुसऱ्या घरचे

घरात पाच ते बारा वर्षांचं मूल असलं, की प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा एखादा खोका घरात असतोच. आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या आईच्या तळपायाला त्यातला एखादा ठोकळा अंधारात बरोबर सापडतोही! त्यातून मूल आमच्या शेगावसारख्या गावात वाढत असेल, तर त्याला मोटार नको, विमान नको, आगगाडीच हवी असते. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरच्या गाड्यांचे भोंगे रात्रंदिवस कानांवर पडतात, मग दुसरं काय होणार?

अडचण येते ती पैशाची. नावाजलेल्या परदेशी कंपनीची रूळ-मोटरसकट आगगाडी घ्यायची, तर मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या किराण्याचा विचार करावा लागतो. मग आपण बिननावाच्या, स्वस्त संचांकडे वळतो. खोक्यावर झोकदार इंजिनाचं चित्र असतं. घरी आणल्यावर मात्र नवा डबा जुन्या रुळांवर बसत नाही, कडीला कडी लागत नाही, आणि मूल आपल्या तोंडाकडे बघत राहतं.

आमच्याकडे चार वर्षांत अशा निरनिराळ्या बनावटीचे सहा संच जमले आहेत. काही वाढदिवसाला आलेले, काही यात्रेच्या दिवसांत घेतलेले, एक तर शेजारच्या मोठ्या झालेल्या मुलाने दिलेला. हौस मुलाची आणि मोजपट्टी माझी! त्या मोजमापातून जे कळलं, ते मैत्रिणींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आठ मिलिमीटरचा मंत्र

ठोकळ्यांच्या दुनियेत नाव झालं ते डेन्मार्कच्या लेगो कंपनीचं. बिलुंड गावातल्या ओले किर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने १९३२ साली हा उद्योग सुरू केला, तो लाकडी खेळण्यांचा. पुढे प्लॅस्टिकचे ठोकळे आले, पण ती कल्पना मुळात त्यांची नव्हे. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवरून त्यांनी १९४९ साली आपले ठोकळे केले. आत नळ्या असलेला, घट्ट बसणारा आजचा ठोकळा १९५८ सालच्या पेटंटचा. म्हणजे ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो, त्यालाही कुणीतरी थोरला भाऊ होताच!

या पेटंटची मुदत केव्हाच संपली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० साली सांगितलं, की ठोकळ्याचा हा आकार एकाच कंपनीच्या मालकीचं बोधचिन्ह होऊ शकत नाही. म्हणून तशाच मापाचे ठोकळे इतर कारखाने उघडपणे करू शकतात. कंपनीचं नाव, खोक्याचं चित्र, अख्ख्या गाडीचा नमुना उचलणं ही मात्र चोरीच. तेव्हा ‘जुळणारा’ माल वेगळा आणि ‘नकली’ माल वेगळा, हा फरक आपण ध्यानात ठेवावा आणि मुलांनाही सांगावा.

जुळण्याचं गमक मापात आहे. ठोकळ्यावरच्या दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि तीन चपट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याइतकी उंची. ही मापं पाळली, तर शिक्का कुणाचाही असो, ठोकळे जुळतात. अगदी लहान मुलांचे जाड ठोकळे प्रत्येक बाजूने दुप्पट असतात. बाजारात फार बारीक ठोकळेही मिळतात. त्यांतल्या काहींच्या बटणांतलं अंतर जेमतेम ४ मिलिमीटर असतं. चित्रात सगळे सारखेच दिसतात, म्हणून फसगत होते.

रुळांची रुंदी

ठोकळे जुळले म्हणजे गाडी जुळली, असं मात्र नाही. आपल्या वऱ्हाडातल्या बायकांना हे समजावून सांगायला नकोच. शेगावावरून जाणारा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. अकोल्याहून खांडव्याकडे आणि पूर्णेकडे जाणारी जुनी गाडी मीटरगेजची, म्हणजे १००० मिलिमीटरची. आणि मूर्तिजापूरची आपली शकुंतला नॅरोगेज, अवघी ७६२. यवतमाळचा कापूस घेऊन शकुंतला मूर्तिजापूरला यायची, पण तिचा डबा काही मुंबईच्या रुळांवर चढत नसे. उलट जलंब-खामगाव हा फाटा एवढासा, पण ब्रॉडगेज, म्हणून तो थेट मोठ्या मार्गाला जोडला गेला. लहान-मोठेपणाला महत्त्व नाही, रुंदीला आहे.

खेळण्यातही तेच. लेगोच्या छोट्या ठोकळ्यांच्या गाडीसाठी रुळांच्या आतलं अंतर साधारण ३७ ते ३८ मिलिमीटर असतं. १९९१ साली आलेल्या गाड्यांना वीज धातूच्या रुळांतून मिळायची. २००६ पासून बॅटरी गाडीतच आली आणि रूळ साधे प्लॅस्टिकचे झाले. रुंदी मात्र तीच राहिली. वळणाचे १६ तुकडे जोडले की एक वर्तुळ पूर्ण होतं आणि त्याला जागा लागते सुमारे ७० सेंटिमीटर. एका विक्रेत्याकडून आमच्याकडे आलेल्या संचात खोक्यावर पूर्ण वर्तुळाचं चित्र आणि आत वळणाचे तुकडे बारा! म्हणून चित्र बघू नका, तुकडे मोजा.

‘मामी, ही तर डुप्लिकेट!’

मागच्या दिवाळीत नणंदबाई पुण्याहून आल्या. त्यांच्या मुलाकडे कंपनीची गाडी होती. आमच्या चिरंजीवांनी मोठ्या हौसेने आपला खजिना मांडला, तर तो पटकन म्हणाला, “मामी, ही तर डुप्लिकेट आहे!” पोर लहान, त्याच्या मनात काही नव्हतं. पण आमच्या मुलाने खोका उचलला आणि कॉटखाली सरकवून दिला. दोन दिवस त्याला हात लावला नाही. शाळेत शिकवताना मी हे नेहमी पाहते. बूट, दप्तर, पेन्सिलीचा डबा, कशावरून तरी एक मूल दुसऱ्याला खाली पाहायला लावतं, आणि ते मूल घरी येऊन काही बोलत नाही.

मी उपदेश केला नाही. दोघांच्या हातात एक मोजपट्टी आणि वही दिली आणि म्हटलं, “कुणाचा डबा कुणाच्या रुळावर चालतो, तेवढं मला लिहून द्या.” दुपारभर दोघं जमिनीवर पालथे! आमच्या सहापैकी चार संचांचे रूळ पुण्याच्या गाडीला चालले. एकाची चाकं घट्ट निघाली. आणि सर्वांत स्वस्त संच अरुंद होता, तो कुठेच बसेना. सासूबाई पलंगावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, ती शकुंतला आहे! तिला वेगळी लाइन टाका, अन् मूर्तिजापूरले माणसं उतरवा.” झालं! पोरांनी देवघरासमोर मूर्तिजापूर स्टेशन उभारलं. संध्याकाळी पुण्याचं इंजिन शेगावचे पाच डबे ओढत सोफ्याखालून निघालं, तेव्हा डुप्लिकेट हा शब्द कुणाला आठवतही नव्हता.

खरेदीपूर्वी एवढं पाहा

• घरातला एक ठोकळा, एक चाकांची जोडी आणि एक रूळ पर्समध्ये ठेवा. दुकानात लावूनच पाहा. ऑनलाइन घेताना रुळांची रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा आणि परत करण्याची सोय असेल तरच घ्या.

• दोन बनावटींच्या दहा-दहा ठोकळ्यांच्या थप्प्या शेजारी उभ्या करा. वरची बटणं सोडून उंची ९ सेंटिमीटर ६ मिलिमीटर भरली पाहिजे. एका ठोकळ्यात न दिसणारा फरक दहांत दिसतो. मग थप्पी वरून धरून उचला. खालचे ठोकळे गळून पडले, तर तो माल सैल.

• डब्यांच्या कड्यांत बहुधा चुंबक असतात. दोन डबे एकमेकांना ढकलू लागले, तर माल खराब म्हणून टाकू नका. एक डबा उलट्या तोंडाने लावून पाहा.

• मोटर आणि बॅटरीच्या डब्याच्या वायरी शक्यतो एकाच बनावटीच्या घ्या. त्यांच्या पिना सहसा एकमेकींत बसत नाहीत.

• १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. स्वस्त असो वा महाग, ते चिन्ह पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

• घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल, तर हा पसारा उंचावर ठेवा. सुटा झालेला चुंबक किंवा बटणासारखी छोटी बॅटरी पोटात जाणं फार घातक. दोन चुंबक आतड्यात एकमेकांना चिकटतात. तशी नुसती शंका आली, तरी दवाखाना गाठा.

• ठोकळे कोमट पाण्यात साबण घालून धुवावेत. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. आपल्याकडे गच्चीवर काहीही वाळत टाकायची सवय, पण ठोकळे उन्हात पिवळे पडतात. सावलीत जुन्या पंचावर पसरा. मोटर, बॅटरी आणि लोखंडी दांड्याची चाकं मात्र भिजवू नका.

• प्रत्येक संच वेगळ्या पिशवीत ठेवा आणि त्यावर रुंदी लिहून ठेवा. पुढच्या वाढदिवसाला “काय आणू?” असं कुणी विचारलं, की पिशवी पाहून नेमकं सांगता येतं.

मुलांना महागाचं खेळणं देता आलं नाही, म्हणून मन खाऊ देऊ नका. दहा ठिकाणचं साहित्य मोजून, पारखून एका रुळावर आणायला मूल शिकलं, तर तो खर्च वाया गेला असं कोण म्हणेल? आणि मैत्रिणींनो, आपण सासरी येऊन दुसरं काय करतो?