मोठे चाक, लहान पाय : सायकल अंगाला बेतताना

नागपूर : इतवारीच्या किराणा ओळीतून किंवा सराफा ओळीतून सायकल चालविणे म्हणजे दर दहा पावलांवर थांबणे आणि पुन्हा निघणे. समोर हातठेला आडवा येतो, बाजूने ई-रिक्षा घासून जाते, दुकानासमोर पोती उतरत असतात. अशा ठिकाणी सायकलस्वाराची खरी परीक्षा वेगात नसते, ती थांबण्यात असते. पाय चटकन जमिनीवर टेकला नाही तर तोल जातो आणि गर्दीत पडणारा माणूस एकटा पडत नाही. उंचीने कमी असलेल्या व्यक्तीला, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलामुलींना, मोठ्या चाकाची सायकल देताना नेमका हाच विचार राहून जातो.

'पोरं वाढतील, दोन वर्षांनी बरोबर होईल' हा आपल्याकडील सायकल खरेदीचा जुना हिशेब. कपड्यांच्या बाबतीत तो खपून जातो. सायकलच्या बाबतीत मात्र ती दोन वर्षे दुखऱ्या गुडघ्यांची आणि भीतीची ठरतात. अनेक मुलींची सायकल याच काळात कायमची भिंतीला टेकते.

चाक आणि पाय यांचे जुने नाते

सायकलच्या आरंभीच्या इतिहासात चाकाचा आकार थेट पायाच्या लांबीवर ठरत असे. १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेल्या उंच सायकलीत पेडल पुढच्या चाकालाच जोडलेले होते. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग हवा तर चाक मोठे हवे आणि मोठ्या चाकासाठी पाय लांब हवेत. उंच माणसाला वेगवान सायकल मिळे, बुटक्या माणसाला संथ. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने साखळीने मागचे चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल आणली आणि हे बंधन तुटले. दातेरी चकत्यांच्या आकाराने वेग ठरू लागला. पाय आणि चाक यांची फारकत झाली.

तरीही मोठे चाक टिकून राहिले, त्याला कारण आहे. खड्डा किंवा उंचवटा ओलांडताना मोठे चाक कमी आदळते. आपल्याकडील काळ्या, दणकट सायकलींना २८ इंची चाके असतात ती उगाच नव्हे. प्रश्न चाकाचा नसून त्या चाकांमध्ये बसविलेल्या सांगाड्याचा आहे.

सर्कशीतील एकचाकी काय शिकवते?

हा प्रश्न सर्वांत उघडपणे दिसतो तो एकचाकी सायकलीत. सर्कशीतील एकचाकीचे चाक लहान, साधारण २० इंची असते. मात्र रस्त्यावर लांबचा पल्ला गाठण्यासाठी ३६ इंची चाकाच्या एकचाकी सायकली परदेशात वापरल्या जातात. तिथे साखळी नसते, एका फेऱ्यात चाक सुमारे २.८७ मीटर पुढे जाते. सीट चाकाच्या माथ्यावरच असल्याने ती एका मर्यादेखाली आणताच येत नाही. चाकाची त्रिज्या ४६ सेंटिमीटर, त्यावर चिमट्याची कमान, सीटचा दांडा व सीट यांचे किमान १८-२० सेंटिमीटर धरले तर आसापासून सीटपर्यंत ६५ सेंटिमीटर सहज होतात. १२.५ सेंटिमीटर लांबीचा क्रँक त्यात मिळविला की खाली गेलेल्या पेडलपर्यंतचे अंतर साडेसत्त्याहत्तर सेंटिमीटरवर जाते. एवढी पायाची लांबी नसलेल्या स्वारापुढे मोजकेच मार्ग उरतात : सीटचा दांडा कापणे, पातळ सीट बसविणे, जाड तळव्याचे बूट घालणे आणि क्रँक आखूड करणे.

यातील शेवटचा उपाय सर्वांत प्रभावी. क्रँक अडीच सेंटिमीटरने आखूड केला की पेडल तेवढेच वर येते. पण त्याची किंमत मोजावी लागते. आखूड क्रँकवर तरफेचा जोर कमी पडतो, त्यामुळे चढावर चाक फिरविणे आणि उतारावर ते पायाने रोखणे दोन्ही कठीण होते. चाक तेच ठेवून स्वाराला बसविता येते, परंतु फुकटात नाही.

मोजमाप उंचीचे नव्हे, पायाचे

दुचाकी सायकलीला हेच गणित लावण्यासाठी आधी पाय मोजावा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांत एक जाड पुस्तक आडवे धरून ते सीटसारखे घट्ट वर दाबावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. सुमारे ४ फूट १० इंच उंचीच्या व्यक्तीची ही लांबी ६८ सेंटिमीटरच्या आसपास भरते.

या लांबीला ०.८८३ने गुणले की क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. सायकलपटूंमध्ये हे सूत्र रूढ आहे. येथे उत्तर येते ६० सेंटिमीटर. आता २२ इंची सांगाडा घ्या. हे इंच चाकाचे नव्हेत, सीटखालच्या उभ्या नळीचे. खरेदीच्या वेळी येथेच घोटाळा होतो. ही नळी ५६ सेंटिमीटर, तिच्यावर स्प्रिंगची सीट किमान १० सेंटिमीटर, म्हणजे एकूण ६६. हवे होते ६०. सहा सेंटिमीटरची ही तूट स्वार कंबर डावी-उजवीकडे झुकवून भरून काढतो. कंबरदुखीचे मूळ अनेकदा तिथे असते.

तूट काही अंशी भरता येते. १७ सेंटिमीटरऐवजी १४ सेंटिमीटरचा क्रँक लावल्यास तीन सेंटिमीटर वाचतात. स्प्रिंगऐवजी पातळ सीट लावल्यास आणखी दोन-तीन. एकचाकीतील युक्ती येथेही लागू पडते आणि साखळी व ब्रेक असल्याने जोर घटल्याचा त्रासही कमी होतो.

थांबण्याचे गणित वेगळे

परंतु पेडलपर्यंत पाय पोहोचला म्हणजे सायकल बसली, असे नाही. थांबताना स्वार सीटवरून पुढे सरकून आडव्या दांड्यावर पाय फाकून उभा राहतो. २२ इंची सांगाड्यात हा दांडा जमिनीपासून ८० सेंटिमीटरहून उंच असतो. ६८ सेंटिमीटर पायाच्या व्यक्तीला तो ओलांडून उभेच राहता येत नाही. दांड्याखालून पाय घालून वाकडेतिकडे सायकल चालविणाऱ्या मुलांच्या पिढ्या याच कारणाने घडल्या. कोणताही क्रँक किंवा सीट हा दोष दूर करू शकत नाही. त्यावर उपाय एकच, दांडा खाली झुकलेला किंवा नसलेला सांगाडा. 'लेडीज सायकल' हे नाव त्याला पडले असले तरी कमी उंचीच्या मुलालाही तोच सुरक्षित आहे.

हँडलही विसरता कामा नये. मोठे पुढचे चाक हँडलला वर आणि दूर ढकलते. अमेरिकेत १९८५ मध्ये जॉर्जीना टेरी यांनी कमी उंचीच्या स्त्रियांसाठी सायकली बनविताना मागचे चाक मोठेच ठेवले आणि पुढे २४ इंची चाक बसविले. त्यामुळे सांगाडा आटोपशीर झाला, हँडल हाताशी आले.

पालकांनी काय पाहावे?

सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा आग्रह शिकाऊ मुलापुरता ठीक. हात बसल्यावर सीट हळूहळू वर घ्यावी, कारण फार खाली बसल्यास गुडघा अति दुमडतो. टाच पेडलवर ठेवून ते सर्वांत खाली नेल्यास पाय जवळजवळ सरळ व्हावा आणि कंबर हलू नये, ही सोपी कसोटी. दांड्यावर उभे राहिल्यावर मध्ये किमान दोन-तीन बोटांची जागा उरावी. ब्रेकची मूठ हँडलवरून बोटे न ताणता पकडता यावी.

राज्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या ग्रामीण विद्यार्थिनींना सायकलींसाठी साहाय्य दिले जाते. एकाच वर्गातील मुलींच्या उंचीत वीतभर फरक असतो. सायकल घरची असो वा योजनेची, वर्गाच्या इयत्तेवरून ती निवडण्यापेक्षा भिंतीशी उभे करून पाय मोजण्यास दोन मिनिटे पुरतात. मोजलेल्या सायकलीवर मूल शाळेत पोहोचते. न मोजलेली सायकल मात्र त्याचे मोठे होणे पाहत दाराशी उभी राहते.