डीपी का जळते? वाया जाणाऱ्या विजेचा एक धडा

'वीज वाचवा' म्हटलं की मुलं सांगतात, पंखा बंद करा, दिवा बंद करा. पण वीज घरात येण्याआधीच वाया जाते, हेही त्यांना कळायला हवं.

जपानच्या टोयोटा कारखान्यात 'लीन' ही कामाची पद्धत घडली. ग्राहकाच्या उपयोगी न पडणारा खर्च, हेलपाटा, ताटकळणं म्हणजे 'मुदा'. ते शोधायचं आणि मुळातून काढायचं.

आता नांदेड-लातूरचं शिवार बघा. एका डीपीवर अनेक मोटारी, लांबच लांब लघुदाबाच्या तारा, त्यात आकडे. दाब कमी पडतो, तारा तापतात, मोटारी जळतात आणि एक दिवस डीपीच जळते. मग ऐन रब्बीत दुसऱ्या डीपीची वाट बघायची. तिकडं गहू वाळतो. लीन विचारते, 'कधी बदलणार?' एवढंच नको, 'का जळाली?' तेही सांगा.

महावितरणची २०१८ ची उच्चदाब वितरण योजना याच प्रश्नाला भिडते. ११ हजार व्होल्टची तार शेताजवळ न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांना छोटी डीपी द्यायची. तेवढीच वीज जास्त दाबाने नेली की प्रवाह कमी लागतो. त्याच तारेत प्रवाह निम्मा झाला, तर उष्णतेत जाणारी वीज पाव होते: १/२ × १/२ = १/४. शिवाय एक डीपी जळाली तरी सगळं शिवार अडत नाही.

अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. शेतकऱ्यांच्या लेकरांना ते लगेच पटतं.