डार्विनच्या अभ्याससहली

एडिंबरो विद्यापीठात भूगर्भशास्त्रावरील व्याख्याने ऐकून एक विद्यार्थी इतका कंटाळला, की या विषयाचे पुस्तक जन्मात उघडावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला. हा विद्यार्थी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन होय.

१८२८ साली तो केंब्रिज येथे आला. तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो विद्यार्थ्यांना घेऊन कधी पायी, कधी घोडागाडीने, तर कधी नावेतून दूरवर जात. वाटेत एखादी दुर्मीळ वनस्पती आढळली, की तेथेच थांबून ते तिची माहिती सांगत. वाळलेल्या नमुन्यावरून पानाचा आकार कळतो. परंतु ती वनस्पती दलदलीतच का वाढते, हे कळावयास दलदलीत उतरावे लागते.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक सेजविक यांजबरोबर डार्विन वेल्सच्या डोंगरांत गेला. पुष्कळदा सहलीत विद्यार्थी शिक्षकांमागून नुसते हिंडतात. येथे तसे नव्हते. सेजविक त्याला आपल्या वाटेला समांतर अशा निराळ्या वाटेने धाडीत. खडकांचे नमुने आणावयाचे व थरांची दिशा नकाशावर मांडावयाची, हे त्याचे काम. त्याआधी डार्विनने त्यांस एक नवल सांगितले होते : गावाजवळच्या खडीच्या खाणीत एका मजुराला उष्ण कटिबंधातील शंख सापडला होता! सेजविक म्हणाले, तो कोणीतरी तेथे टाकला असावा. मूळचा तेथला असता, तर त्या प्रदेशातील थरांविषयीचे सारे ज्ञान खोटे ठरले असते. सुट्या नवलाने शास्त्र बनत नाही, त्यास अनेक गोष्टींची संगती लागते, हे डार्विनला तेव्हा प्रथमच स्पष्ट उमगले.

याच सफरीत कूम इड्वाल नावाच्या दरीत दोघांनी जीवाश्मांच्या शोधात कित्येक तास घालविले. सभोवार ओरखडे उमटलेले खडक होते, उंचावर अडकून राहिलेल्या शिळा होत्या, दगडमातीचे लांबलचक ढीग होते. प्राध्यापक अनुभवी, विद्यार्थी तीक्ष्ण दृष्टीचा. तरीही दोघांनाही त्यांत काही विशेष दिसले नाही. त्यांस दोष देता येणार नाही. ब्रिटनच्या दऱ्यांतून एके काळी बर्फाच्या प्रचंड नद्या सरकत होत्या, ही कल्पनाच तेथे तेव्हा रुजली नव्हती. १८४० मध्ये लुई आगासिझ यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी डार्विन पुन्हा त्या दरीत गेला. या वेळी हिमनदीने मागे ठेवलेल्या खुणा त्याला पावलोपावली दिसू लागल्या.