खिळा ते छापखाना

• ठोकळा-छपाई : अख्खे पान एका लाकडी फळीवर कोरलेले. चीनमधील ‘वज्रसूत्र’ हा बौद्ध ग्रंथ (इ.स. ८६८) असेच छापलेले.

• सुटे खिळे : एक खिळा, एक अक्षर. खिळ्यावर अक्षर उलटे, कागदावर सुलटे. छपाईनंतर खिळे सोडवून पुन्हा जुळवता येतात. चीनमध्ये मातीचे खिळे ११व्या शतकात; कोरियात धातूच्या खिळ्यांचे पुस्तक १३७७ मध्ये.

• योहान गुटेनबर्ग : माइंट्स, जर्मनी, सुमारे १४५०. शिसे, कथील, अँटिमनीचे ओतीव खिळे, तेलयुक्त शाई आणि दाबयंत्र.

• गुटेनबर्गचे बायबल : सुमारे १४५५. बहुतेक पानांवर ४२ ओळी. अंदाजे १८० प्रती.

• प्रसार : १५०० पर्यंत युरोपातील २००हून अधिक शहरांत छापखाने.

• लोकभाषा : धर्मसुधारक ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेला बायबलचा ‘नवा करार’, १५२२.

• भारतात : पहिला छापखाना गोव्यात, १५५६.