अंडी ग्रामप्रियेची, माया गावठीची

परसात उकिरडा उकरणारी तपकिरी कोंबडी गावठीच असेल असं नाही. ती ग्रामप्रियाही असू शकते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं ही संकरित जात खास परसासाठीच तयार केली. गावठी कोंबडी वर्षाकाठी 60-70 अंडी देते. ग्रामप्रिया 72 आठवड्यांची होईपर्यंत 160 ते 180 देते, आणि तीही चांगली ठसठशीत!

तिचे पाय लांब, पिसं रंगीत. दोन्ही गोष्टी कामाच्या. मुंगूस किंवा बोका दिसला की पळता येतं, पाचोळ्यात लपता येतं.

एक अंडं तयार व्हायला सुमारे 25 तास लागतात, त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला. म्हणून अंड्याची वेळ रोज थोडी पुढं सरकते आणि मधेच एखादा दिवस खाडा पडतो. कोंबडी आजारी आहे म्हणून घाबरू नका. कवच बरंचसं रात्री घडतं, तेव्हा चुना कमी पडला तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा पुढ्यात ठेवाच. कोकणात तर तो फुकट मिळतो.

तपकिरी रंग कवचावर अगदी शेवटी चढतो. अंडं फोडून बघा, आतून कवच पांढरंच दिसेल. रंगामुळं पोषण वाढत नाही. बलक पिवळाधमक हवा असेल तर कोंबड्यांना हिरवा पाला खाऊ द्या.

आणि कोंबडा? नुसत्या अंड्यांसाठी त्याची गरजच नाही.

आता खरी गंमत. गावठी कोंबडी खुडूक झाली की 21 दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं सांभाळते. तेवढे दिवस अंडी बंद. ग्रामप्रिया सहसा खुडूक होतच नाही, म्हणून तर ती इतकी अंडी देते. तिची अंडी गावठीखाली उबवली तरी पिल्लं आईसारखी निघतील असं नाही, कारण संकराचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात. पिल्लं नव्यानं विकतच आणावी लागतात. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळं दोनेक दिवस त्याला दाणापाणी लागत नाही आणि ते दूरवरून सुखरूप येतं.

म्हणून माझा आग्रह आहे की परसात एक तरी गावठी असू द्या. ती खुडूक बसली की आणलेली पिल्लं रात्री अंधारात एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा. बहुतेक वेळा सकाळी ती त्यांना आपलीच मानते. बल्ब लावून ऊब द्यायची कटकट वाचते, आणि घार आली की कुठं पळायचं हेही पिल्लं तिच्याकडून शिकतात.

फक्त मानमोडी रोगापुढं तिची माया चालत नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा.