धाग्यांचं जाळं – भाग ६ : आधी गाव, मग फायबर

मागच्या भागात आपण केसासारख्या बारीक काचेतून प्रकाश कसा धावतो ते पाहिलं. त्यावर वाचकाच्या मनात सहज प्रश्न येईल, की काचेचा धागा इतका स्वस्त आणि इतक्या क्षमतेचा असेल, तर आडबाजूच्या वाडीपर्यंत तो पोचत का नाही?

याचं उत्तर मातीत आहे. फायबरच्या कामात पैसा जातो तो मुख्यतः चर खणण्यात. डांबर फोडायचं, वाहतूक वळवायची, परवानग्या काढायच्या, पाइप टाकून झाला की रस्ता होता तसा करून द्यायचा. हा खर्च भरून निघावा म्हणून मोठी कंपनी किलोमीटरमागे किती घरं लागतात ते मोजते. शहरातल्या एका सोसायटीत शंभर घरं एकाच वळचणीला मिळतात, विखुरलेल्या वस्तीत तेवढ्याच अंतरात तीन-चार. हिशेब जुळत नाही आणि वाडी वर्षानुवर्षं यादीच्या तळाशी राहते.

हा हिशेब ज्यांनी मुळातून बदलला, त्यांची गोष्ट आज सांगायची आहे. उत्तर इंग्लंडमधल्या लँकाशायरमध्ये लून नदीचं खोरं आहे. हिरव्या टेकड्या, मेंढ्या आणि शेतांच्या कडेनं आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट रखडत चाले, कारण एक्सचेंजपासून घर जितकं लांब, तितका तांब्यातला वेग कमी. लँकेस्टर विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड, शेतकरी कुटुंबातल्या क्रिस कॉन्डर आणि आसपासची मंडळी एकत्र आली आणि २०११ मध्ये त्यांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही संस्था काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार लोक ‘बार्न’ असा करतात. बार्न म्हणजे शेतावरचं कोठार.

त्यांनी पहिला निर्णय घेतला तो रस्ता टाळण्याचा. फायबर शेतांमधून न्यायचं. शेतातली माती मऊ, छोट्या खोदयंत्रानं भराभर चर निघतो, वर गवत पुन्हा उगवतं. पण त्यासाठी प्रत्येक मालकाची संमती हवी, आणि तीही फुकट. एक जण अडून बसला तर मार्ग मोठा वळसा घेणार. म्हणून कार्यकर्ते नकाशे घेऊन घरोघर गेले. हे पटवण्याचं काम शेजाऱ्यालाच जमतं, कारण तोही त्याच लाइनची वाट पाहत असतो.

मग गावकऱ्यांनी स्वतः चर खणले आणि त्यात प्लॅस्टिकच्या नळ्या पुरल्या. नळीतून फायबर ओढत नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेच्या झोतावर ते पुढे ढकलतात, त्याला फायबर फुंकणं म्हणतात. टोकं वितळवून सांधणं, म्हणजे स्प्लायसिंग, हे नाजूक काम. तेही स्वयंसेवक शिकले. आपल्याकडे केबलवाले बहुधा एक फायबर आणून स्प्लिटरनं अनेक घरांत वाटतात. बार्ननं गावातल्या कॅबिनेटपासून प्रत्येक घराला स्वतंत्र धागा दिला. त्यामुळे सुरुवातीपासून घरोघर एक गिगाबिटचा वेग मिळाला, आणि तो अपलोडलाही तेवढाच. सुरुवातीचा दर होता महिना ३० पौंड.

भांडवलही गावातूनच उभं राहिलं. किमान शंभर पौंडांचे शेअर विकले. कितीही शेअर घेतले तरी सभासदाला मत एकच. शेअरचा भाव वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही, आणि नफा समाजाच्याच कामी लागतो. ज्यांच्याजवळ पैसे नव्हते त्यांनी श्रम दिले, खणलेल्या मीटरांचा मोबदला शेअरच्या रूपात घेतला.

छोट्या संस्थेच्या वाढीचं मर्म मला इथे दिसतं. जाळं कुठे वाढवायचं हे नकाशावर बोट ठेवून ठरत नव्हतं. ज्या गावानं पैसे, संमती आणि माणसं जमवली, तिथे काम सुरू होई. चर कोणत्याही परिस्थितीत घरांजवळून जाणारच असतो. त्या वाटेवरची दहांतली दोन घरं जोडली गेली की तोटा, सात जोडली गेली की निभाव. ज्यांनी स्वतः चर खणला त्यांच्यातलं कोणी बाहेर राहत नाही. म्हणून इथे घरं जोडली जाण्याचं प्रमाण मोठं राहिलं. एका गावाचं पाहून शेजारचं गाव पुढे आलं. लँकाशायरमधून जाळं कंब्रिया आणि यॉर्कशायरमध्ये गेलं आणि जोडलेली घरं दहा हजारांच्या पुढे गेली.

वाढ झाली तशी कामाची रीतही बदलली. हजारो घरांच्या तक्रारी, बिलं, तुटलेली लाइन हे सारं फावल्या वेळात होत नाही. पगारी माणसं आली. २०१९ पासून सरकारच्या गिगाबिट योजनेत ग्रामीण घरामागे दीड हजार पौंडांपर्यंत व्हाउचर मिळू लागली, त्यांचाही आधार झाला. पण गावाची तयारी आधी, हा क्रम टिकून राहिला.

सहकाराची ही रीत जुनी आहे. तेव्हा याच लँकाशायरमध्ये असलेल्या रॉचडेलमध्ये १८४४ साली विणकरांनी आणि इतर कामगारांनी पीठ, लोणी, साखर विकणारं सहकारी दुकान काढलं. त्या दुकानाचे नियम जगभर सहकाराचे नियम झाले. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही ‘एक सभासद, एक मत’ याच पायावर. उसाला रस्ता हवा होता म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवलं. आज मुलांच्या अभ्यासाला, दवाखान्याला, शेतमालाच्या भावाला फायबरचा हा दुसरा रस्ता हवा आहे. आडबाजूच्या वाडीनं यादीत आपला नंबर लागण्याची वाट पाहत बसू नये, असं मला मनापासून वाटतं. बांधावरून चर जाऊ देणारा शेजारी तिच्याजवळ आजही आहे.

पुढच्या भागात : गावात आलेलं फायबर बाहेरच्या जगाशी कुठे आणि कसं जोडलं जातं?