यंत्राच्या निर्णयाला दाद मागता यावी

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायद्याचे राज्य यांवरचा पहिला बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार स्ट्रासबर्गच्या युरोप परिषदेत घडला. (४६ देशांची ही परिषद युरोपीय संघाहून वेगळी.) मसुदा समितीचे अध्यक्ष होते स्वित्झर्लंडचे थॉमस श्नायडर. वाटाघाटींत अमेरिका, जपान, अर्जेंटिनासह ११ बिगरसदस्य देश होते, भारत नव्हता. १७ मे २०२४ रोजी करार संमत झाला आणि ५ सप्टेंबरपासून व्हिल्नियसमध्ये त्यावर सह्या सुरू झाल्या.

त्याचा गाभा तक्रारीच्या हक्कात आहे. मानवी हक्कांवर मोठा परिणाम करू शकणाऱ्या यंत्रणेची माहिती नोंदवून ठेवायची आणि निर्णयाला आव्हान देता येईल इतकी ती बाधित माणसाला मिळाली पाहिजे. आपण यंत्राशी बोलतो आहोत हेही त्याला कळायला हवे. याची गरज किती खरी आहे ते नेदरलँड्सने आधीच पाहिले होते. सरकारी लाभ घेणाऱ्यांतले संभाव्य घोटाळेबाज हुडकणारी ‘सिरी’ ही सरकारी प्रणाली हेगच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी बेकायदा ठरवली. ती कोणाला संशयित मानते आणि का, हे पुरेसे तपासताच येत नव्हते.

करारात उणिवा आहेत. राष्ट्रीय सुरक्षेची कामे त्याच्या कक्षेबाहेर ठेवता येतात. खासगी कंपन्यांना हेच नियम लावायचे की वेगळे उपाय योजायचे, हे प्रत्येक देशावर सोडले आहे. ही मोकळीक फार मोठी आहे, कारण नोकरीचे अर्ज आणि कर्जाची प्रकरणे चाळणाऱ्या कितीतरी प्रणाली खासगी हातांतच आहेत.